परत ठेवायला निघालेली सुपारी

मित्रांनो, मी एक जुनी सुपारी आहे. सुपारी जुनी कशी होईल, ती तर खाऊन संपते, असं तुम्हाला वाटेल. बरोबर आहे. मी जुनी झाले, कारण मी कुणाला फुटले नाही.

माझा जन्म कर्नाटकात शिरसीकडच्या एका बागेत झाला. आमचं झाड फार उंच आणि फार बारीक होतं. वारा आला की ते आधी वाकायचं आणि मग काय झालं ते बघायचं. एके दिवशी एक माणूस वर चढला आणि आमचा घडच्या घड खाली आला. मग आम्हाला अंगणात उन्हात पसरलं, वाळवलं, सोललं आणि पोत्यात भरलं. पोत्यात सगळ्या सुपाऱ्या सारख्याच दिसतात, त्यामुळं तिथं कुणाला गर्व नसतो. माझं बालपण तिथं अंधारात आणि एकोप्यात गेलं.

ते पोतं फिरत फिरत महाराष्ट्रात, धाराशिवकडच्या भूम गावाला आलं, अण्णारावांच्या किराणा दुकानात. बाजाराच्या दिवशी एका म्हाताऱ्यानं मला विकत घेतलं आणि दुकानाच्या पायरीवर बसूनच अडकित्त्यात धरलं. त्यानं जोर लावला. मी काही मुद्दाम केलं नाही, पण अडकित्त्याचं पातं वाकलं. म्हाताऱ्यानं मला गल्ल्यावर आणून ठेवलं आणि म्हणाला, "अण्णाराव, ही सुपारी न्हाय, बंदुकीची गोळी हाय." अण्णारावांनी वाद घातला नाही. त्यांनी मला पूजेच्या सुपाऱ्यांच्या बरणीत टाकलं. जे माणसाला चावत नाही ते देवाला द्यावं, अशी आपल्याकडं पद्धत आहे.

मित्रांनो, तिथून माझी खरी नोकरी सुरू झाली. पूजेला मला तांदळाच्या राशीवर बसवत आणि गणपती म्हणत. पूजा संपली की सिद्धाराम स्वामी मला झोळीत टाकत. हे स्वामी म्हणजे गावातले जंगम, सगळ्यांची कार्यं तेच करतात. बाजाराच्या दिवशी ते मला पुन्हा अण्णारावांच्या दुकानात आणून देत आणि अण्णाराव मला पुन्हा बरणीत टाकत. अशी मी कितीतरी घरांत गणपती झाले. एकदा नवग्रहांत शनी झाले होते. शेजारचा मंगळ बदाम निघाला आणि लहान मुलानं खाल्ला, पण त्या घरावर काही संकट आलं नाही.

एकदा तर मी शाळेतल्या एका गुरुजींची बायको झाले. त्यांच्या घरी सत्यनारायण होता आणि खरी बायको माहेरी गेलेली होती. अशा वेळी नवऱ्यानं कमरेला सुपारी खोचून पूजेला बसायचं असतं. संसार चांगला झाला. भांडण एकदाही नाही. आरती झाल्यावर ते मला विसरून प्रसादाला पळाले, तेवढंच.

पण सुपारीचं आणखी एक काम असतं आणि माझी गोष्ट त्याच कामाची आहे.

आमच्या भागात कलावंताला काम द्यायचं म्हणजे सुपारी द्यायची. सनईवाला असो, बँडवाला असो, निवेदक असो, त्यानं सुपारी खिशात टाकली की काम पक्कं. त्यावर सही नाही, शिक्का नाही. सिनेमावाल्यांनी आमचं नाव फार खराब केलं आहे. माझ्यामुळं आजवर कुणी मेलेलं नाही, फार तर कुणाचं लग्न लागलं आहे. आणि कलावंताला जमणार नसेल तर त्यानं सुपारी स्वतःच्या हातानं परत नेऊन ठेवायची. फोन करून चालत नाही आणि दुसऱ्याच्या हाती पाठवूनही चालत नाही. सुपारी परत आली की लोक समजून घेतात, तोंडानं काही सांगावं लागत नाही, असं म्हणतात. हे म्हणणं किती खरं आहे ते तुम्ही पुढं बघाच.

अण्णारावांच्या मुलीचं, शिवप्रियाचं, लग्न ठरलं. मुलगा सीमेपलीकडचा, आळंदचा. मुलाला मराठी येत होतं, पण नवरदेवानं मोठ्यांत बोलायचं नसतं आणि त्याच्या घरचे सगळे कानडी बोलणारे. भूमच्या माणसाला कानडीतलं एक अक्षर येत नाही. साखरपुड्याला दोन्हीकडची मंडळी समोरासमोर बसली आणि नुसती हसत राहिली. हसून हसून गाल दुखायला लागले तेव्हा दोन्हीकडच्यांना वाटलं, समोरचे फार शिष्ट आहेत. मुलाची आई इरम्मा तर भिंतीवरच्या घड्याळाकडं बघत बसली. शिवप्रियाची आई गंगम्मा आत जाऊन भांडी आपटून आली.

तेव्हा नंदीश उठला. नंदीश सीमेलगतच्या मुरूम गावचा. तो लग्नात निवेदन करायचा, मराठीत आणि कानडीत, दोन्हीत सारख्याच झोकात. त्या दिवशी तो कुणाच्या तरी ओळखीनं फक्त जेवायला आला होता. पण त्यानं इकडचं तिकडं आणि तिकडचं इकडं सांगायला सुरुवात केली आणि घटकाभरात इरम्मा आणि गंगम्मा दोघी मिळून एका तिसऱ्याच बाईची निंदा करायला लागल्या. सोयरीक पक्की झाली ती तिथं. उठताना अण्णारावांनी दुकान उघडलं, बरणीत हात घातला आणि मला नंदीशच्या तळहातावर ठेवलं. "लग्नाला तुम्हीच पायजे, नंदीशराव. तुम्ही न्हाय तर आमी मुके."

नंदीशनं मला शर्टाच्या खिशात ठेवलं. त्या खिशात एक पेनही होतं. पेनाला कशातच रस नव्हता, पण मी काळजाजवळ असल्यामुळं मला सगळं ऐकू यायचं.

मित्रांनो, निवेदकाचं आयुष्य तुम्हाला माहीत नसेल. तो मांडवात सगळ्यात जास्त बोलतो आणि त्याचं कुणीच ऐकत नाही. नंदीश सांगायचा, नवरीच्या मामांनी नवरीला घेऊन बोहल्याकडं यावं. मामा पानाच्या गादीवर असायचे. तो पुन्हा सांगायचा, मामा पुन्हा चुना मागायचे. तो अक्षता टाकू नका म्हणाला की लोक टाकायचे, टाका म्हणाला की हात पुसायचे. मुहूर्त संपले की त्याचा आवाज घरी बसायचा आणि पुढचे मुहूर्त येईपर्यंत खोकायचा. त्याची आई म्हणायची, तू इतका बोलतोस, मग तुझं कुणी ऐकलं असं एकदा तरी सांग.

अशात पुण्याहून फोन आला. तिथली एक कंपनी लिफ्ट बनवत होती. तिला लिफ्टसाठी आवाज हवा होता, एकाच माणसाचा, मराठीत आणि कानडीत. कुणीतरी नंदीशचा व्हिडिओ पाठवला होता. चांगलं, पक्कं काम होतं, पुढं आणखी मिळणारं होतं आणि मुहूर्त नसतानाही चालणारं होतं. पहिलं वाक्य त्यांनी फोनवरच म्हणून दाखवायला सांगितलं. नंदीश म्हणाला, "दरवाजा बंद होत आहे."

ते वाक्य म्हणताना त्याचं काळीज कसं हललं ते मी जवळून ऐकलं. त्या वाक्यात मामा नव्हते. शिवाय लिफ्टमध्ये माणसाला ऐकावंच लागतं, तिथून पानाच्या गादीवर जाता येत नाही.

नंदीश हो म्हणाला आणि मग त्यांनी तारीख सांगितली. ती शिवप्रियाच्या लग्नाची तारीख होती. त्यानं तारीख बदलून मागितली. ते म्हणाले, बाकीच्या भाषांची माणसंही त्याच दिवशी येणार आहेत, जमत नसेल तर दुसरा बघतो. नंदीश म्हणाला, जमतं.

आता त्यानं दोन्हीकडं हो म्हटलं होतं. एक हो पुण्याला होता आणि दुसरा मी होते.

तो वाईट मुलगा नव्हता, मित्रांनो. त्यानं अण्णारावांना सांगायला रोज फोन लावला. पण अण्णाराव आधी बोलायचे. आवाज सांभाळा, थंड पिऊ नका, आमच्याकडं माइक नवीन घेतलाय, असं सांगायचे आणि ठेवून द्यायचे. जो माणूस हजार लोकांसमोर दोन भाषांत बोलतो, त्याला एका किराणा दुकानदारापुढं एक वाक्य बोलता येईना. शेवटी त्यानं रीत पाळायची ठरवली. स्वतः जायचं आणि सुपारी परत ठेवायची.

तो एसटीनं निघाला. धाराशिवला गाडी बदलली. खिडकीशी बसून तो वाक्यं पाठ करत होता. दरवाजा बंद होत आहे. दरवाजा उघडत आहे. एसटीचा दरवाजा उघडाच होता आणि वायरनं बांधलेला होता, त्याच्यावर काहीही परिणाम झाला नाही. कंडक्टर मात्र दोनदा मागं वळून बघून गेला.

येडशीला गाडीत एक गृहस्थ चढले आणि शेजारी बसले. नाव उत्तरेश्वर, राहणार तेरखेडा, धंदा फटाक्यांचा. त्यांनी विचारलं, काय पाठ करताय. नंदीशनं सगळं सांगून टाकलं. अनोळखी माणसाला सगळं सांगता येतं, कारण तो पुढच्या स्टॉपला उतरतो.

उत्तरेश्वर म्हणाले, "बोलायचं कशाला? सुपारी ताटात ठिवा आन् निघा. आमच्या धंद्यात वात पेटवली की मागं बघत न्हाईत. वात पेटवून कुणी तिथंच गप्पा मारत बसतं व्हय?"

तेरखेडा आल्यावर ते उतरले आणि खरोखर मागं न बघता गेले. नंदीशला ते पटलं. मलाही पटलं होतं. मला फटाक्यांचा अनुभव नाही.

भूमला पोचलो तेव्हा दुपार होती. दुकानाचं शटर खाली होतं. मागं घरात बायकांची गर्दी होती. नंदीशला काय माहीत, त्याच दिवशी लग्नाची पहिली हळद दळायचा मुहूर्त होता. जातं धुऊन त्याला आंब्याची पानं बांधली होती. पाट मांडला होता, पाटावर तांदळाची रास घातली होती, शेजारी ताट होतं. सिद्धाराम स्वामी घड्याळ बघत बसले होते. सगळं अडलं होतं, कारण गणपतीला सुपारी नव्हती. दुकानात पोतं भरून होती, पण किल्ली अण्णारावांच्या करदोट्याला आणि अण्णाराव पत्रिका वाटायला गेलेले. किराणा दुकानदाराच्या घरात मुहूर्ताला सुपारी नाही, हे गंगम्माला शेजारणींपुढं फार लागलं होतं. ती परातीवर राग काढत होती.

नंदीश दारातून आत आला. कुणाचं लक्ष नव्हतं. त्यानं मला खिशातून काढलं, हळूच ताटात ठेवलं, हात जोडले आणि मागं न बघता चपलांकडं निघाला.

त्याचा पाय चपलेत गेला न गेला तोच स्वामींचा हात ताटात आला. "आली बघा," ते म्हणाले. त्यांनी मला उचललं, पाणी घातलं, गंध लावलं, अक्षता टाकल्या आणि मंत्र म्हणत तांदळाच्या राशीवर बसवलं. मला सवय होती. मी बसले.

अशा रीतीनं, मित्रांनो, नंदीशचा नकार देव झाला.

"अगं बाई, नंदीश!" गंगम्मानं त्याला चपलांजवळ गाठलं. तिचे डोळे भरून आले होते. तिनं बायकांना सांगितलं, बघा, आपल्या मुहूर्ताला सुपारी न्हाय म्हणून पोरगं मुरूमहून स्वतःची सुपारी घेऊन आलं. आता ह्याचाच आवाज ह्या लग्नाला लागणार, देवाचीच इच्छा हाय. बायकांनी नंदीशकडं ज्या नजरेनं बघितलं तशी नजर त्याला भर मांडवात कधी मिळाली नव्हती. त्याला आत आणून पाटाशेजारी बसवलं. म्हणजे माझ्याशेजारी.

जातं सुरू झालं. त्या आवाजात नंदीश स्वामींच्या कानाला लागला. हा गणपती कधी उठतो, असं त्यानं विचारलं. स्वामी म्हणाले, लग्न लागल्यावर. आधी उठवता येत नाही. नंदीशनं विचारलं, आणि ह्या सुपारीच्या जागी दुसरी ठेवली तर?

स्वामींनी चष्म्यावरून बघितलं. "गणपतीची बदली करतोस व्हय? तो काय तलाठी हाय?"

तेवढ्यात अण्णाराव आले. त्यांना दारातच सगळी हकीकत सांगण्यात आली. ते नंदीशच्या खांद्यावर हात ठेवून उभे राहिले. मग पंगत बसली. अण्णारावांनी नवीन माइक खोक्यातून काढून नंदीशच्या पानाशेजारी ठेवला, बघायला म्हणून. शिवप्रिया वाढत होती. तिनं त्याच्या पानात पोळी वाढली, वर तूप घातलं आणि म्हणाली, "दादा, माझ्या सासूबाईंना सांगा, मला तिखट जमत नाही. हे तुम्हीच बोला, तुमचं त्या ऐकतात."

नंदीशनं हातातला घास परत पानात ठेवला. आता मी त्याच्या खिशात नव्हते, तरी पाटावरून मला त्याचं काळीज ऐकू येत होतं. मला वाटलं, मी काहीतरी बोलावं. रीत तशीच होती ना, सुपारी परत आली की लोक समजून घेतात. पण मी बसले होते गणपती होऊन, डोक्यावर अक्षता. माझ्याकडं बघून कुणाला काय समजणार? जो तो येऊन नमस्कार करत होता.

नंदीश उठला. खरकटा हात त्यानं मागं धरला आणि डाव्या हातानं माइक उचलला. माइकला वायर नव्हती, तो कशालाच जोडलेला नव्हता. त्यानं तो तोंडाजवळ धरला, घसा साफ केला आणि मांडवातल्या आवाजात म्हणाला, "उपस्थित सर्व मंडळींना एक नम्र सूचना."

सगळे थांबले.

"निवेदक नंदीश हे शिवप्रियाच्या लग्नाला येऊ शकत नाहीत. त्यांनी आपली सुपारी घेतली होती. नंतर त्यांना दुसरं काम आलं, ते जास्त चांगलं आहे आणि त्याच दिवशी आहे. ते आज ही सुपारी परत ठेवायला आले होते, गणपतीसाठी द्यायला आले नव्हते. त्यांनी न बोलता निघून जायचं ठरवलं होतं. त्याबद्दल," तो थांबला. मग माइक खाली घेतला आणि साध्या आवाजात म्हणाला, "त्याबद्दल मला लई वाईट वाटतंय."

आणि मग, सवयीनं, त्यानं तेच सगळं एकदा कानडीतही सांगितलं. तिथं कानडी कळणारं कुणी नव्हतं. पण कुणी पान सोडून उठलं नाही, कुणी पाणी मागितलं नाही, कुणी कुरडईसुद्धा मोडली नाही. नंदीशच्या आयुष्यात पहिल्यांदा सगळी पंगत त्याचं ऐकत होती.

गंगम्मा आधी भानावर आली. असं कुठलं मोठं काम हाय, तिनं विचारलं. नंदीशनं लिफ्टचं सांगितलं. दार बंद होताना दरवाजा बंद होत आहे असं म्हणायचं, हे ऐकून तिनं कमरेवर हात ठेवले.

"आतल्या माणसाला दिसत न्हाय व्हय दार बंद हुतंय? त्येला सांगायला तू पायजे? आन् हितं माझ्या लेकीची सासू एका बाजूला, म्या एका बाजूला, तिथं कोण सांगायचं? त्या लिफ्टीचं लगीन हाय का?"

नंदीशनं माइक परत खोक्यात ठेवला. दुकानाची किल्ली वाजली. अण्णाराव उठून गेले होते. शटर वर गेल्याचा आवाज आला आणि मग बराच वेळ तराजूचा. दुकानात गिऱ्हाईक नव्हतं. ते उगाच साखर जोखत होते आणि पुन्हा पोत्यात ओतत होते.

नंदीश पिशवी उचलून निघाला तेव्हा गंगम्मानं त्याच्यापुढं पाण्याचा तांब्या ठेवला. सुपारी परत करणाऱ्यालाही पाणी न पाजता सोडत नाहीत. चहा मात्र तिनं टाकला नाही.

तांब्या त्याच्या हातात असतानाच शिवप्रिया येऊन समोर बसली. ती रडेल असं बायकांना वाटलं होतं, काहींनी पदर तयार ठेवले होते. ती म्हणाली, "दादा, शेवटची गाडी किती वाजता आहे?" त्यानं सांगितलं, संध्याकाळी. "मग बसा. लग्नाच्या दिवशी तुम्ही बोलला असता. दुसऱ्या दिवशी मला तिखट नको हे कोण सांगणार होतं? मला शिकवा. आईलाही शिकवा."

गंगम्मा म्हणाली, म्या मरेन पण शिकायची न्हाय. ती भिंतीकडं तोंड करून बसली आणि तिथून ऐकू लागली.

ती दुपार मी पाटावरून बघितली. नंदीश जात्याजवळ बसून शिकवत होता. बर्री म्हणजे या. कूडरी म्हणजे बसा. ऊटा माडरी म्हणजे जेवा. शिवप्रियानं भराभर उचललं. बायका हळद दळता दळता म्हणू लागल्या, जात्याच्या घरघरीवर ते चांगलं बसत होतं. मग भिंतीकडून आवाज आला, "ते जेवायचं पुन्हा सांग." नंदीशनं सांगितलं. गंगम्मानं म्हणून बघितलं. एकच वाक्य, पण ते तिला फार आवडलं. बाकीची तिनं घेतली नाहीत. पाहुण्याशी आणखी काय बोलायचं असतं, असं तिचं म्हणणं पडलं.

मग नंदीशनं आळंदला इरम्माला फोन लावला. तिलाही त्यानं खरं ते सांगितलं. या वेळी माइक लागला नाही. इरम्मा कानडीत बरंच बोलली, त्याचा अर्थ त्यानं कुणाला सांगितला नाही. पण शेवटी तिनंही एक मराठी वाक्य मागून घेतलं.

गाडीची वेळ झाली तेव्हा अण्णाराव दुकानातून बाहेर आले. हातांना साखर लागलेली होती. ते म्हणाले, "राग हाय बरं का मला. उगं न्हाय म्हणणार न्हाय. पण तू तोंडानं सांगितलंस ते बरं केलंस. नुसती सुपारी ठेवून गेला असतास तर आमी लग्नाच्या दिवशी रस्त्याकडं बघत बसलो असतो. तो गणपती काय उठून बोलला असता व्हय?"

मित्रांनो, मी बोलले नसते. ते खरं आहे.

निघताना गंगम्मानं नंदीशला चहा दिला. साखर कमी होती, एवढ्या साखरेच्या गोंधळातही.

लग्न झालं. मी पाटावरून सगळं बघितलं. निवेदक नव्हता, माइकवर सिद्धाराम स्वामी होते आणि त्यांना मंत्रांपलीकडं काही येत नव्हतं. मामांना कुणी हाक मारली नाही, म्हणून मामा वेळेवर आले. अक्षतांचं कुणी काही सांगितलं नाही, त्यामुळं लोक एकमेकांकडं बघून टाकत राहिले आणि सगळ्या एकाच वेळी पडल्या. गंगम्मा दिवसभर भेटेल त्याला ऊटा माडरी म्हणत होती. हार घालताना जावयालाही म्हणाली. जावई हार घालायचा थांबला आणि विचारात पडला.

पंगतीत ती स्वतः इरम्माला वाढायला गेली. ऊटा माडरी, ऊटा माडरी, म्हणत पुऱ्या वाढत राहिली. इरम्मा तिच्या भाषेत पुरे पुरे म्हणत होती, पण तो धडा गंगम्मानं घेतलेला नव्हता. शेवटी इरम्मानं दोन्ही हात पानावर आडवे धरले. गंगम्मानं पुरी हातांवर ठेवली. दोघींनी त्या पुरीकडं बघितलं आणि मग दोघी अशा हसल्या की सगळा मांडव वळून बघायला लागला. इरम्मानं ती पुरी मोडली, अर्धी गंगम्माच्या तोंडाशी नेली आणि शिकून ठेवलेलं मराठी वाक्य बोलली, "तुम्ही पण जेवा की हो." त्यानंतर शिवप्रियानं तिखटाचं सांगितलं. ते कानडीत कसं सांगितलं देव जाणे, पण इरम्मानं मान हलवली.

त्याच वेळी पुण्यात नंदीश माइकपुढं उभा होता. हे त्यानं नंतर गंगम्माला फोनवर सांगितलं. तिथले लोक त्याला पुन्हा पुन्हा म्हणत होते, फार छान, पण जरा कमी लग्नासारखं बोला.

भूमकडं त्याला बरेच दिवस कुणी सुपारी दिली नाही. बाजारात त्याचं नाव निघालं की लोक लिफ्टवाला म्हणायचे. मग कुणाच्या तरी लग्नात पुन्हा कानडी पाहुणे आले आणि लोकांना त्याची आठवण झाली. असंच असतं. मला मात्र गंगम्मानं लग्नानंतर स्वामींच्या झोळीत जाऊ दिलं नाही. तिनं मला तिच्या चंचीत ठेवलं. पोरगं येईल तेव्हा त्याची त्याला देईन, म्हणाली. चंचीत तंबाखू आहे, चुना आहे, दोन लवंगा आहेत. म्हातारपणी याहून चांगली सोबत मिळत नाही.

परवा शिवप्रियाच्या डोहाळजेवणासाठी साडी घ्यायला सगळे सोलापूरला गेलो. दुकान मोठं होतं, वर जायला लिफ्ट होती. गंगम्मा, इरम्मा, शिवप्रिया आणि चंचीत मी, असे आम्ही आत शिरलो. आत आधीच बरीच गर्दी होती आणि जो तो बोलत होता. दार सरकायला लागलं आणि वरून आवाज आला, "दरवाजा बंद होत आहे." मग कानडीत, "बागिलु मुच्चुत्तिदे."

सगळे गप्प झाले. गंगम्मानं वर बघितलं. तिथं एक दिवा आणि जाळी होती. ती त्या जाळीला म्हणाली, "ऊटा माडरी, बाबा. जेवलास का?"

वरून आवाज आला, "दुसरा मजला."

"व्हय," गंगम्मा म्हणाली, "पण जेवलास का?"

दार उघडलं. कुणीही उतरलं नाही.

मित्रांनो, माझं सांगणं एवढंच आहे. चांगलं काम आलं तर माणसाचं मन जाणारच. मन जातं यात पाप नाही, आणि मीही एके काळी कर्नाटक सोडून आलेलीच आहे. मला परत ठेवायचं असेल तर जरूर ठेवा. मी हलकी आहे, राग धरत नाही. पण समोरच्याला दुसरी सोय करायला वेळ आहे तोवर ठेवा, आणि ठेवताना तोंड उघडा. माझं उघडत नाही. त्या म्हाताऱ्याच्या अडकित्त्याला विचारा.